उशीर झाला नव्हता

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. तिच्याशी मी कधी खोटं बोललो नाही असं ती आजही चारचौघांत सांगते, आणि मी मान खाली घालून हसतो. मुलांना ठाऊक नाही. ज्या एका बाईला ठाऊक होतं ती माझ्याशी त्याबद्दल एक शब्दही न बोलता निघून गेली. तुम्हाला सांगतोय — का तुम्हालाच, ते मला नीट सांगता येणार नाही. कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून.

मी डॉक्टर होतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला खालापूर तालुक्यात, कर्जतच्या रस्त्याला लागून, एका ट्रस्टचा वीस खाटांचा दवाखाना होता, तिथे मी नोकरीला लागलो. मुंबईत भूल द्यायचं शिक्षण घेऊन आलेला असा मी एकटाच त्या भागात. सर्जन पनवेलहून गुरुवारी यायचे. बाकीचे सहा दिवस मीच सगळं. दवाखान्याच्या टोकाला दोन खाटांची एक खोली होती. तिला सगळे सीरियस खोली म्हणत. एक ऑक्सिजनचं सिलिंडर, पायाने चालवायचा एक सक्शन पंप, आणि एका पेटीत माझी हत्यारं — घशात उजेड पाडून बघायचा लॅरिंगोस्कोप आणि लहानमोठ्या रबरी नळ्या. आज शहरात ज्याला अतिदक्षता विभाग म्हणतात, तो आमच्याकडे एवढाच होता.

नळी घालणं म्हणजे काय, हे थोडं सांगावं लागेल. श्वास अडकलेल्या माणसाच्या श्वासनलिकेत तोंडातून किंवा नाकातून नळी सरकवायची आणि तिच्यातून हवा द्यायची. बहुतेकांच्या बाबतीत हे सोपं असतं. डोक्याखाली उशी, हनुवटी वर, जीभ बाजूला, आणि समोर दार दिसतं. पण काहींचं दार दिसतच नाही. जबडा उघडत नाही, मान वळत नाही, घसा सुजून बंद झालेला असतो. आमच्या शिकवणाऱ्या मॅडम अशा रोग्यांबद्दल बोलताना आवाज खाली आणायच्या. म्हणायच्या, जो स्वतः श्वास घेतोय त्याचा श्वास तू काढून घेऊ नकोस. त्याला बसू दे. जागा राहू दे. घसा बधिर कर, नाकातून नळी हळूहळू सरकव, नळीच्या तोंडाशी कान लाव — रोगी श्वास घेतो तेव्हा तो आवाजच तुला वाट दाखवील. आणि गळ्यावर छेद देऊन नळी घालायचं सामान हाताशी उघडं ठेव. दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा अभिमानाने हात लावायचा नाही.

मला हे सगळं पाठ होतं. मला येत नव्हतं म्हणून ते झालं, असं नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला त्याचा आडोसा घेता येणार नाही.

पहिल्याच वर्षी पळसदरीला सहलीला आलेल्या मुंबईच्या एका गृहस्थाला मधमाश्यांनी फोडून काढलं होतं. जीप दवाखान्यात पोचली तेव्हा त्याचे ओठ वांग्यासारखे झाले होते. मी त्याला टेकून बसवला, कान लावला आणि नाकातून नळी घातली. तो वाचला. परत आला तेव्हा सगळ्या स्टाफला पेढे घेऊन आला, आणि ट्रस्टींसमोर माझे हात हातात घेऊन रडला. त्यानंतर मी नळीवाला डॉक्टर झालो. बाजारात लोक वाट द्यायचे. भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतले इंजिनिअर बायकामुलांना घेऊन माझ्याकडे यायला लागले. तुमच्याबद्दल लोक इतकं चांगलं बोलायला लागले, की हळूहळू तुम्ही त्यांच्याच तोंडून स्वतःला ओळखायला लागता — असं होतं की नाही? माझं झालं.

हिरी आणली ती त्यानंतर दीडेक वर्षाने. हिवाळ्यातली दुपार होती. जेवणाची वेळ.

ती डोंगरावरच्या एका ठाकरवाडीतली. वय बावीस-तेवीस, घरी दोन वर्षांची मुलगी. खालची दाढ किडून तिचा पू जिभेखाली आणि गळ्यात उतरला होता. हनुवटीपासून छातीपर्यंत सगळं लाकडासारखं कडक. तोंड एक बोट जाईल इतकंच उघडत होतं. लाळ गिळता येत नव्हती, ती पदरावर गळत होती. पण — हे मला सांगायलाच हवं — ती श्वास घेत होती. पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, घुरघुर आवाज करत, पण स्वतःचा स्वतः श्वास घेत होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती मला बघत होती.

तिचा नवरा गोमा तिला तीन तास पाठुंगळीला घेऊन डोंगर उतरला होता. त्याच्या पायांत काही नव्हतं. आणि बरोबर त्याची आई, बुधीआई. वाळकी, काळी, केस पांढरे झालेली बाई. वाडीत कुणाला ताप आला, विंचू चावला, बाळंतीण अडली की लोक तिच्याकडे जायचे. तिने सुनेच्या गळ्याला निर्गुडीचा पाला ठेचून बांधला होता. दोन दिवस तेच चाललं होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे हिरीच्या घशाखाली पाणी उतरेना, तशी म्हातारीनेच मुलाला उठवलं. झोळी करू म्हणाले होते लोक, म्हणजे चौघांना आळीपाळीने नेता आलं असतं. म्हातारीने झोळी करू दिली नाही. झोळीत माणूस आडवं पडतं.

हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर कळलं. पण मला कळायची गरज होती का? ती मला माझ्या तोंडावर सांगत होती. आम्ही हिरीला खाटेवर घेतलं तेव्हा ती दाराशी येऊन म्हणाली, "तिला निजवू नको रं डाक्टरा. बसल्यालीच ठेव. निजली तर दम जाईल तिचा."

मी तिच्याकडे बघितलंही नाही. सुमन सिस्टरना म्हणालो, "यांना बाहेर काढा."

सुमन सिस्टर खालापूरकडच्याच, शेतकऱ्याच्या घरातल्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या. कमी बोलायच्या. मी काही सांगायच्या आत त्यांनी गळ्यावर छेद द्यायचं सामान उकळून ट्रेमध्ये मांडून आणलं आणि खाटेशेजारी ठेवलं. बरोबर होतं त्यांचं. अगदी मॅडमनी शिकवलं तसंच. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, ह्या बाईला माझ्या हाताची खात्री नाही. मी म्हणालो, "हे कशाला? उचला ते." त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ट्रे उचलून कपाटात नेऊन ठेवला.

सुरुवात मी नीट केली. तिला बसतंच ठेवलं, नाकात बधिर करायचं औषध मारलं आणि नळी सरकवायला लागलो. तिने माझा हात ढकलला. घाबरली होती ती. आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात आलेली, गुदमरत असलेली, आणि एक परका पुरुष तिच्या नाकात रबर खुपसत होता — तुम्ही ढकलला नसता? मी पुन्हा प्रयत्न केला. तिने पुन्हा ढकलला, आणि तिची नखं माझ्या मनगटाला लागली.

मला राग आला.

एवढंच. हे मी कितीतरी वर्षं दुसऱ्या शब्दांत सांगत आलो स्वतःला — रोगी सहकार्य करत नव्हती, वेळ कमी होता, निर्णय घ्यावा लागला. नाही. तिला समजवायला हवं होतं. तिच्या सासूला आत बोलवून तिचा हात धरायला सांगता आलं असतं. अर्धा तास लागला असता, आणि अर्धा तास माझ्याकडे होता. पण मला राग आला, आणि मी मनात म्हटलं, झोपवूनच टाकू.

मी तिला झोपेचं इंजेक्शन दिलं. त्यामागोमाग अंगातले सगळे स्नायू सैल करणारं दिलं. आणि तिला आडवी केली.

माझा हिशेब असा की औषधाने जबडा सैल पडेल आणि मला आत बघता येईल. जबडा उघडला नाही. पू भरून ताठलेला जबडा औषधाने सुटत नाही, हेही मी शिकलो होतो. लॅरिंगोस्कोप कसाबसा आत घातला, तर समोर नुसती लाल सूज. दार कुठेच नाही. आणि आता ती श्वास घेत नव्हती. तो मी काढून घेतला होता. मास्क लावून हवा द्यायची रबरी पिशवी दाबली, हवा आत जाईना. मी अंदाजाने नळी ढकलली. काहीतरी सरकलं. पिशवी जोडली, दाबली. हाताला हलकी लागली, म्हणजे हवा कुठेतरी जात होती. मी स्टेथोस्कोप छातीला लावला आणि मला जे ऐकायचं होतं ते ऐकू आलं.

सुमन सिस्टर म्हणाल्या, "साहेब, छाती हलत नाय. प्वाट फुगतंय."

नळी अन्ननलिकेत गेली होती. मी हवा तिच्या पोटात भरत होतो. त्यांना ते उघड्या डोळ्यांनी दिसत होतं, आणि मला — मलाही दिसत होतं. हेच मला सांगायचं आहे. मी त्या पोटाकडे बघितलं होतं. मी बघितलं, आणि म्हणालो, "तुम्ही गप्प राहा. मला शिकवू नका."

आणखी चार-पाच वेळा पिशवी दाबली. तिचे ओठ काळे पडत होते. मग नळी ओढून काढली, पुन्हा घातली, पुन्हा तिथेच गेली. मग तिसऱ्यांदा. तेव्हा कुठे मी ओरडलो, ट्रे आणा. सिस्टर धावल्या. कपाट, कडी, ट्रे — तेवढा वेळही तिच्याकडे नव्हता. सुजलेल्या मानेत मी छेद घेतला, रक्तात काही दिसेना, बोटाने चाचपत नळी घातली. ह्या वेळी ती बरोबर जागी गेली. छाती हलली. पण हृदय थांबलं होतं आणि ते परत सुरू झालं नाही.

जेवायच्या वेळेला आणली होती म्हटलं ना — माझा डबा अजून गरम होता.

इथपर्यंत माझ्या हातून जे झालं, ते कदाचित एखाद्या डॉक्टरला समजेल. माफ नाही करणार तो, पण समजेल. मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते याच्या पुढचं आहे.

मी हात धुतले. बाहेर आलो. व्हरांड्यात गोमा उकिडवा बसला होता, भिंतीशी म्हातारी. दोघंही उठले. मी काय सांगणार आहे हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं, खरंच. तोंड उघडलं आणि ते आपोआप बाहेर आलं.

"फार उशीर केलात. दोन दिवस पाला बांधत बसलात. आधी आणली असती तर वाचली असती."

गोमा रडला नाही. त्याने मान वळवून आईकडे बघितलं. ती नजर मी बघितली. आणि म्हातारीने स्वतःच्या हातांकडे बघितलं. तिच्या बोटांना पाल्याचा हिरवा डाग होता.

मी आत गेलो. केसपेपर लिहायचा होता. मी सिस्टरना सांगत गेलो — रोगी अत्यवस्थ स्थितीत आली, श्वास जवळजवळ बंद, गावठी उपचारांत विलंब. त्यांनी पहिला शब्द लिहिला आणि पेन खाली ठेवलं. "तुमी लिवा, साहेब," म्हणाल्या आणि हिरीला पुसून घ्यायला गेल्या. तो कागद मी माझ्या हाताने पुरा केला. चार महिन्यांनी त्यांनी माणगावकडे दुसरी नोकरी धरली. जाताना सगळ्यांचा निरोप घेतला, सगळ्यांशी बोलल्या. माझ्या खोलीच्या दारावरून सरळ निघून गेल्या.

तुम्ही म्हणाल, घाबरला असशील. हो, घाबरलो होतो. त्या दिवशी. पण दोन वर्षांनी मी घाबरलेलो नव्हतो.

दोन वर्षांनी त्या भागातल्या वाड्यांवर लस टोचायचा कॅम्प होता, आणि आमची गाडी पायथ्याशी ठेवून आम्ही चढत हिरीच्या वाडीत पोचलो. कुठल्या वाडीत चाललोय हे मला आधी माहीत होतं. कुणाला तरी माझ्याऐवजी पाठवता आलं असतं, मी गेलो. का गेलो? बघायचं होतं बहुतेक. गोमाने मला ओळखलं. धावत येऊन पाणी दिलं, घोंगडी टाकली. वाडीपासून जरा बाजूला, करवंदीच्या जाळीशी, एक गवताचं खोपटं होतं. त्याच्या तोंडाशी म्हातारी बसलेली. मी विचारायच्या आत गोमाच म्हणाला, "आईला तिथं ठेवलीय. पोरीला तिच्याजवळ जाऊ देत नाय मी." वाडीतलं कुणी आता तिच्याकडे औषधाला जात नव्हतं. बाळंतीण अडली तरी तिला हाक मारत नव्हते. सुनेला पाल्याने मारलेली बाई, म्हणायचे.

टोचणं संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो. एकटाच. माझ्या मनात होतं की सांगावं. खोटं नाही बोलत, चढ चढताना मी शब्दही जुळवले होते. ती माझ्या बुटांकडे बघत होती. मग मान वर करून म्हणाली, "येक इचारू का रं डाक्टरा? येक दिस आदी आणली असती, तर वाचली असती का माजी सून?"

विचार करा. तिने मला दार उघडून दिलं होतं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. नाही. नाही, बुधीआई, तुझं काही चुकलं नाही. तू मला सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती कुठे तक्रार करणार होती? तिला कोण विचारणार होतं? नोकरी जाण्याची भीती नव्हती, काहीच नव्हतं. फक्त ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती नजर बदलली असती.

मी म्हणालो, "हो. वाचली असती."

तिने मान डोलावली. दोनदा. जशी एखादी गोष्ट आपल्याला आधीच ठाऊक असते आणि दुसऱ्याने सांगितल्यावर पक्की होते, तशी. आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

मी खाली उतरून आलो. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो, हे मला आठवतं.

म्हातारी त्यानंतर तीन-चार पावसाळे जगली असावी. कधी गेली ते मला गोमाकडूनच कळलं. कारण गोमा यायचा. मुलीला साधी सर्दी झाली, खोकला आला, की तो तिला उचलून डोंगर उतरायचा. धापा टाकत व्हरांड्यात उभा राहायचा. "डाक्टर, ह्या येळी उशीर नाय केला," म्हणायचा. पोरगी खिदळत असायची, काही झालेलं नसायचं तिला. मी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचो आणि म्हणायचो, शाबास, वेळेवर आणलीस. किती वेळा म्हटलं असेल मी हे? त्याचं तोंड उजळायचं. एकदा पोरीला तपासून झाल्यावर तो उभाच राहिला. म्हणाला, "आई गेली, साहेब. मरताना पाणी मागत व्हती. मी नाय दिलं. शेजारणीनं दिलं." मग पोरीचा हात धरत म्हणाला, "तुमी खरं सांगितलंत म्हनून कळलं तरी. नायतर मी तिला आईच म्हनत बसलो असतो."

मी टेबलावरचा कागद सरळ केला. पोरीसाठी खोकल्याचं औषध लिहून दिलं. लागणार नव्हतं, तरी दिलं.

पुढे मी तो दवाखाना सोडला. मोठ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात गेलो. शेकडो अवघड नळ्या घातल्या. तरुण डॉक्टरांना शिकवलं — रोग्याला बसू द्या, जागा ठेवा, ट्रे उघडा ठेवा, सिस्टर काही म्हणाली तर हात थांबवा. ते वहीत उतरवून घ्यायचे. कुणी विचारायचं, सर, तुम्हाला हे कुणी शिकवलं? मी मॅडमचं नाव सांगायचो. त्यांनी शिकवलं होतंच. पण ते मला ज्यांच्याकडून समजलं, त्यांची नावं मी एकदाही घेतली नाहीत. निवृत्तीच्या दिवशी हॉस्पिटलातल्या लोकांनी माझ्या गळ्यात हार घातला आणि एकाने भाषणात म्हटलं, सरांच्या हातून श्वास कधी सुटला नाही. मी हात जोडले.

गोमा अजून आहे. तिकडून आलेल्या एकाने सांगितलं. दोन तासांची गाडी आणि मग चढ. माझे गुडघे बरे आहेत, अजून चढता येईल. पोरीचं लग्न होऊन तिला मुलं झालीत म्हणे, आणि आजीचं नाव त्या घरात कुणी काढत नाही.

मी गेलेलो नाही. हे लिहून झाल्यावरही, मला वाटत नाही, की मी जाईन.